जुन्या सायकलीसोबत आलेली चिठ्ठी

सायकल ऋजुता पिंगळेची.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग तिने ती मला विकली
इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी,
आणि पैसे न मोजताच पर्समध्ये टाकले.
मी बावीस वर्षं नोट प्रेसमध्ये आहे,
मला ते बघवेना.
परत मागून घेतले, मोजून दिले.

सीटच्या दांड्यावर तिची नेलपॉलिशची रेघ आहे,
डाळिंबी.
माझी उंची तिच्या रेघेखाली दोन बोटं.
मी माझी रेघ अजून मारलेली नाही.

सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर,
वाळून खडा झालेलं सोल्यूशन
आणि औषधांच्या बिलामागे, पेन्सिलीने:

गंगापूर रोड संपेपर्यंत काही खायचं नाही. हावरटपणा.
गिरणारे. मनुका मूठभर. भूक नसली तरी.
भूक लागली म्हणजे उशीर झाला.
वाघेरा घाट दिसला की लहान गिअर. दिसला की. चढल्यावर नाही.
पाणी घोट घोट.
तिसरं वळण: इथे रडले. मग अर्धी चिक्की.

पुढे घडीवर कागद विरला आहे.

डॉक्टर म्हणाले होते, साखर काठावर आहे, चाला.
मी ऐकलं, चालवा.
घरात कुणी दुरुस्त केलं नाही.
पॅडवाली चड्डी मात्र अजून
गच्चीत चादरीआड वाळत घालते.

डिसेंबरातला रविवार, पहाटे सव्वापाच.
ग्लोव्हजमध्ये बोटं नव्हतीच जणू.
मळ्यांत द्राक्षांच्या घडांना कागद गुंडाळलेले,
गिरणाऱ्यात टोमॅटोचे क्रेट चढवणारा पोरगा
माझ्या हेल्मेटकडे बघून म्हणाला, मावशी, लाईट गेली का?
मी मनुका चावत होते. भूक नव्हती.
चिठ्ठीत होतं म्हणून.

घाटात मी पायडलं मोजते.
शंभर झाली की मनातल्या मनात पट्टी लावते,
बंडल बाजूला ठेवते.
चौदा बंडलांनंतर प्रश्न आला:
मोरीपाशी रस्ता जरासा कलतो,
ते वळण धरायचं की नाही?
धरलं, तर तिसरं मी कधीच मागे टाकलंय
न रडता, शिट्टी मारत जवळजवळ.
नाही धरलं, तर ते समोर आहे,
ते काळं, ओलं, भिंतीसारखं.

ऋजुता, तू नेमकी कुठे रडलीस?

मी गिअर उशिरा टाकला. चढल्यावर.
चेन उतरली.
एका बाजूला कललेली सायकल, एका पायावर मी,
बोटं काळी, मग कपाळ काळं,
मग चिक्कीही काळीच खाल्ली, अख्खी.
रडू आलं नाही. शिंक आली.
खालून एक जीप आली, त्यातल्या शेळीने
माझ्याकडे फार वेळ पाहिलं.

हरसूलला बाजार भरला होता.
नागलीची भाकरी, उडदाचा ठेचा,
वाढणाऱ्या बाईने हात धुवायला तांब्या दिला
आणि पाणी काळं झालेलं बघून दुसरा दिला.
मग ऋजुताला फोन लावला.
म्हटलं, चिक्कीच्या पुढे काय लिहिलं होतंस?
ती बराच वेळ गप्प.
मला वाटलं, गुडघा आठवला.
म्हणाली, अगं, हरसूलहून आणायचं सामान असेल.
नागली, बहुतेक. आणि खुरासणीचं तेल.
आणि मोरीचं वळण धरायचं असतं, ती म्हणाली,
धरत नाहीत ते लबाड.

म्हणजे मी चौथ्यावर थांबले होते.

जर्सीच्या मागच्या तिन्ही खिशांत
अर्धा अर्धा किलो नागली.
उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत,
पाठीवर हे नवं वजन, डावीकडे थोडं जास्त,
तिसऱ्या वळणावर मी वेग कमी केला
आणि थांबले नाही.